लेक मला 'गोव्याची आई' म्हणतो. आजीचा लळा तोडायचा की ठेवायचा?

जांबोटीची_सून · सोमवार, रात्री ११:४०

बरेच दिवस लिहू का नको करत होते. मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा आहे. मी आणि मिस्टर दोघंही गोव्यात होतो, मी वेर्ण्याला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आणि ते गाडीवर. बाळ ९ महिन्यांचं असताना माझी रजा संपली, तिथं एका खोलीत बघायला कोण नाही, म्हणून सासूबाईंकडं गावी ठेवलं. गाव जांबोटीच्या आत, पावसाळ्यात बस येईल त्या दिवशी आली म्हणायचं असलं. आम्ही शनिवारी रात्री यायचो, रविवारी दिवस मावळायच्या आत परत. तेही दर आठवड्याला नाही, खोटं कशाला बोलू, महिन्यातनं दोनदा, चोर्ला घाटात काही झालं की एकदाच.

मे महिन्यात मिस्टरांना बेळगावात उद्यमबागला काम लागलं, अनगोळात खोली घेतली, मला पण एका दुकानात बिलिंगला लागलं. म्हटलं आता तिघं एकत्र राहू, पुढच्या वर्षी एलकेजी. पोराला आणलं आणि तेव्हापासून घरात रोज रात्री रडारड. सासूबाईंना तो 'आई' म्हणतो, मला 'गोव्याची आई'. आता गोवा सोडला तरी तेच. पडला, लागलं तर माझ्याकडं येत नाही, दाराकडं पळतो. झोपताना आजीची मिश्रीची रिकामी डबी मुठीत लागते, ती पत्र्याची, झाकण दबलेली. मी पहिल्या आठवड्यात फेकून दिली, तंबाखूचा वास तो, लहान पोराच्या हातात कशाला म्हणून. दोन तास रडला, उलटी झाली, शेवटी मिस्टर बॅटरी घेऊन कचऱ्यातनं शोधून घेऊन आले.

आता प्रश्न असा की मिस्टर म्हणतात सहा महिने गावाकडं न्यायचंच नाही, फोन पण नाही, आपोआप विसरतो. आणि शेजारच्या वैनींनी कुठं तरी वाचलंय की पहिल्या तीन वर्षांत जे व्हायचं ते होऊन जातं, नंतर काही दुरुस्त होत नाही. ते ऐकल्यापासून मला झोप नाही. माझं पोर बिघडलं का कायमचं?

रिटायर्ड_हवालदार · सोमवार, रात्री ११:५८

काही होत नाही बेटा. आजकाल सगळ्याचं टेन्शन. आमचे वडील मराठा रेजिमेंटला, वर्षातनं दोन महिने घरी, आई शेतात, आम्ही पाच भावंडं आपली आपण वाढलो. काय बिघडलं आमचं? पोरं चिवट असतात. चार दिवस रडतंय, पाचव्या दिवशी खेळतंय. मिस्टर बरोबर सांगतायत.

टिळकवाडी_मॅडम · मंगळवार, सकाळी ७:१०

काका, रागावू नका, पण 'विसरतो' ह्या शब्दापाशी थांबायला पाहिजे. मी कॉलेजला मानसशास्त्र शिकवते, त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ज्याला आपण लळा म्हणतो त्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला तो जॉन बोल्बी ह्या इंग्रज डॉक्टरनं. गंमत म्हणजे, गंमत कसली, त्याच्या स्वतःच्या घरी त्याला सांभाळायला एक दाई होती आणि आईची भेट दिवसातनं तासभर. तो चार वर्षांचा व्हायच्या सुमारास ती दाई काम सोडून गेली. म्हातारपणीसुद्धा तो सांगायचा की आई गमावल्यासारखंच ते दुःख होतं. १९५१ साली त्यानं जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, युद्धात आईबापांपासून तुटलेल्या पोरांवर. आणि तुमच्या मिस्टरांचा बेत म्हणजे नेमकं हेच, दाई एका दिवसात गायब करायची.

बोल्बीबरोबर जेम्स रॉबर्टसन म्हणून एक जण काम करायचा. तेव्हा तिकडच्या दवाखान्यांत ॲडमिट पोरांना आईबाप फार तर आठवड्यातनं एकदा भेटणार, कारण आई भेटून गेली की पोर रडतं, नर्सला त्रास. रॉबर्टसननं बसून बघितलं. पोर आधी आकांत करतं, मग मलूल होतं, आणि तिसऱ्या टप्प्यात एकदम शहाणं होतं, खातं, हसतं, आई आली तर बघत पण नाही. नर्स म्हणायच्या, रुळलं बघा. ते रुळलेलं नव्हतं, त्यानं आशा सोडलेली होती. ताई, सहा महिन्यांनी तुमचा मुलगा आजीचं नाव काढायचा बंद होईलही, पण ते विसरणं नव्हे.

आता एक विचारते, खरं सांगा. तुम्ही शनिवारी पोचायचा तेव्हा तो काय करायचा?

जांबोटीची_सून · मंगळवार, दुपारी २:०५

मॅडम, दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून लिहिते. मी पोचले की तो आजीच्या लुगड्यामागं. तासभर बघायचा नाही, पण माझ्या पिशवीकडं लक्ष. मग जेवणं झाली की हळूच येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा, तोंड तिकडं. रविवारी निघताना गोठ्यात जाऊन बसायचा, टाटा करायला कधीच बाहेर यायचा नाही. आम्हाला वाटायचं ह्याला आमचं काही पडलेलंच नाही. सासूबाई म्हणायच्या, गोठ्यात म्हशीला सांगूलालाय बघ, आई गेली म्हणून. आम्ही हसायचो.

टिळकवाडी_मॅडम · मंगळवार, रात्री ९:३०

पाठीला पाठ. हे वाचून मी जरा वेळ गप्प बसले.

मेरी एन्सवर्थ म्हणून बाई होत्या, बोल्बीच्या सहकारी. त्यांनी १९५४ च्या सुमारास युगांडातल्या खेड्यांत आया आणि बाळं बघितली, नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला. त्यांची चाचणी साधी आहे. वर्षा-दीड वर्षाचं मूल, अनोळखी खोली, खेळणी, आई, एक परकी बाई. आई दोनदा थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. सगळं मिळून वीसेक मिनिटं. लोकांना वाटतं मूल किती रडलं ते मोजतात. तसं नाही. आई परत आल्यावर ते काय करतं ते बघतात. बहुतेक मुलं आईकडं झेपावतात आणि थोड्या वेळात शांत होऊन परत खेळायला लागतात, हा पक्का लळा. काही चिकटतात पण रागानं लाथा पण मारतात, लवकर शांत होत नाहीत. काही तोंड फिरवतात, जसं काही झालंच नाही. पुढं १९७७ मध्ये एल. ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा तोंड फिरवणाऱ्यांच्या छातीचे ठोके मोजले, ते वाढलेलेच निघाले. वरनं थंड, आतनं धडधड.

तुमचा मुलगा तोंड फिरवून का होईना पाठ टेकायला येत होता. म्हणजे तुम्ही त्याच्या हिशोबात होता. आणि आजीकडं जो धावतो तो लळा पक्काच आहे, त्याबद्दल सासूबाईंना एक साडी घ्या. लळा एकाच माणसाचा असतो असं कुठं नाही. १९६४ साली ग्लासगोत रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० बाळांचा माग काढला, दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसं होती, बाप, आजी, शेजारीण. आपल्याकडं ह्याला अभ्यास लागत नाही म्हणा, वाडाभर माणसं असतात.

वडगाव_पॉवरलूम · मंगळवार, रात्री १०:१५

मॅडम सगळं बरोबर, पण हे सगळं गोऱ्यांचं हो. आमच्या घरात पोरगं मागाच्या आवाजात झोपतं, माग बंद पडला की उठतं. तिकडची चाचणी इकडं कशी लागू?

टिळकवाडी_मॅडम · मंगळवार, रात्री १०:४०

रास्त आहे अण्णा. म्हणून तर युगांडाचं सांगितलं, सुरुवातच तिथनं झाली. नंतर १९८८ मध्ये आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र केले तेव्हा पक्क्या लळ्याचं प्रमाण सरासरी ६५ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि देशादेशांपेक्षा एकाच देशातल्या दोन अभ्यासांत फरक जास्त होता. पण तुमचं म्हणणं मी सोडत नाही. चाचणीत आईच मध्यभागी, आपल्याकडं मूल आजीच्या मांडीवर आणि आई चुलीपाशी. ते अजून नीट मापलं गेलेलं नाही असं माझं मत.

निपाणीकरीण · बुधवार, पहाटे ५:२०

ड्युटी संपवून बसलेय, त्यामुळं चुका पोटात घाला. मिश्रीची डबी वाचून थांबले. माझी आई निपाणीत विड्या वळायची, मी आणि धाकटा भाऊ तिच्या सुपाशेजारी वाढलो, तंबाखूच्या खकान्यात शिंकत. वडील पिऊन यायचे, जास्त सांगत नाही. मी आज नर्स आहे. भाऊ अठराव्या वर्षी घर सोडून गेला, आता कुठंतरी हॉटेलात असतो, फोन येतो सणाला.

हवालदार काका म्हणाले पोरं चिवट असतात. लोक मला पण हेच म्हणतात, गरिबीनं घडवलं तुला. अहो गरिबीनं कसलं घडवतंय, ती तर दोघांना सारखीच होती. मला तिसरीला एक बाई होत्या, मधल्या सुट्टीत मला वह्या तपासायला जवळ बसवायच्या. वह्या काय मी तपासणार, नुसती शेजारी बसायची आणि त्या त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवायच्या, तोंडानं काही न बोलता. चार वर्षं. भावाला कुणी तसं भेटलं नाही, किंवा भेटलं असेल तर त्याला जवळ जाता आलं नाही, तो आधीपासनं अंगावर हात पडला की दचकायचा.

ट्रेनिंगला असताना हवाई बेटांतल्या काउआई बेटावरचा अभ्यास शिकवला होता. एमी वर्नर म्हणून बाई, १९५५ मध्ये तिथं जन्मलेली ६९८ मुलं, चाळिशीपर्यंत त्यांचा माग. त्यातली तिसरा हिस्सा मुलं माझ्यासारख्या घरातली, गरिबी, भांडणं, दारू, आजारपण. त्या हिश्श्यातल्याही एक तृतीयांश मुलांचं नीट झालं, शिकली, संसार केले, कुणाच्या दारात गेली नाहीत. आणि ह्यांच्यात सापडलं काय, तर लहानपणी निदान एक माणूस धरून होतं. आई नसेल तर आजी, मोठी बहीण, शेजारी, मास्तर. हे वाचलं तेव्हा वर्गात मी रडले होते, मैत्रिणींना वाटलं पोटात दुखतंय. आणि जी पोरं सोळाव्या-सतराव्या वर्षी वाया गेली म्हणून लिहून ठेवली होती त्यातली पण बरीच तिशीत सावरली, नोकरी, लग्न, कुणी लष्करात जाऊन. म्हणून भावाची आशा मी सोडलेली नाही.

ताई, तुमच्या पोराकडं असं एक माणूस आहे. त्याला तुम्ही सहा महिने फोन बंद करणार?

रिटायर्ड_हवालदार · बुधवार, सकाळी ८:०२

निपाणीच्या ताई, माझं बोलणं तसं नव्हतं. असो.

अंगणवाडी_अक्का · बुधवार, सायंकाळी ६:४५

मी अंगणवाडीत आहे १९ वर्षं, खानापूर बाजूला. मॅडमसारखं मला सांगता येत नाही, जे बघितलंय ते लिहिते. जूनमध्ये नवीन पोरं येतात, सगळी भोकाड पसरतात, वर आमचं गाणं कन्नडमधनं आणि पोराच्या घरी मराठी, म्हणजे आई पण गेली आणि बोली पण गेली. रडणाऱ्या पोराची मला काळजी नसते. दाराला धरून रडतं, मी कडेवर घेते, खिडकीतनं कोंबड्या दाखवते, शेंगदाणे-गूळ देते, अर्ध्या तासात खाली उतरतं. दुसऱ्या आठवड्यात माझाच पदर धरतं.

काळजी असते ती न रडणाऱ्याची. एक पोरगी होती, उसाच्या तोडीवर जाणाऱ्यांची. वर्षातनं सहा महिने आईबापाबरोबर फडावर, बाकी कधी मावशीकडं, कधी आत्याकडं, कधी कुणाकडं. पहिल्या दिवशी आली, कोण सोडायला आलं ते वळून पण बघितलं नाही, थेट माझ्या मांडीत बसली. दुसऱ्या दिवशी वजन काटा घेऊन आलेल्या नर्सबाईंच्या मांडीत. तिसऱ्या दिवशी गॅस सिलिंडरवाल्याचा हात धरून चालायला लागली. सगळे म्हणायचे किती माणसाळलेली आहे. मला पोटात खड्डा पडायचा. जिला सगळेच आपले, तिला आपलं कोण हे ठाऊक नाही.

आम्ही काय केलं तर मदतनीस मावशींनी ठरवलं की हिला रोज त्यांनीच दारात घ्यायचं, त्यांनीच हात धुवायचे, त्यांनीच भरवायचं, दुसरं कुणी नाही. दीड महिन्यानं एक दिवस मावशी तापानं आल्या नाहीत आणि पोरगी दारात बसून रडली. मी आनंदानं मावशींना फोन लावला, हिला रडू आलं म्हणून. मावशी पलीकडनं म्हणतात, अगे मग गप्प कर की तिला, मला काय सांगूलालीस.

टिळकवाडी_मॅडम · बुधवार, रात्री ९:१५

अक्का, तुमच्या मावशींनी जे केलं तेच रुमानियात मोठ्या प्रमाणावर करून बघावं लागलं. तिथल्या अनाथाश्रमांत पोरं रांगेनं पाळण्यात, सांभाळणाऱ्या बायका पाळीप्रमाणे बदलणार. २००० सालापासून बुखारेस्टमध्ये १३६ मुलं घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्यांना पालक कुटुंबात पाठवलं. घरात गेलेल्यांचा लळा, बुद्धी, भावना सुधारल्या, दोन वर्षांच्या आत गेले त्यांच्या जास्त. म्हणजे शेजारच्या वैनी पूर्ण चुकीच्या नाहीत, लवकरच्या वर्षांना वजन आहे. पण तिथल्या पोरांना कोणीच नव्हतं. जांबोटीच्या पोराला आजी होती, म्हैस होती, पाठ टेकायला महिन्यातनं दोनदा आई होती. ही दोन गावं एका नकाशावर ठेवूच नका. आणि सुरुवातीचा लळा पुढचं सगळं ठरवत नाही, पुढं काय मिळतं त्यावर तो बदलतो, चांगल्याकडं आणि वाईटाकडंही. मोठ्यांचं पण तसंच आहे. मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात मोठ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, लहानपण कसं गेलं म्हणून. ज्यांचं वाईट गेलं पण जे ते सरळ, न लपवता सांगू शकत होते, त्यांच्या मुलांचा लळा बऱ्याचदा पक्का निघाला. ज्यांचं 'सगळं उत्तम होतं' आणि एक प्रसंग आठवत नाही, त्यांचं अवघड.

रिटायर्ड_हवालदार · गुरुवार, पहाटे २:३५

झोप येत नव्हती म्हणून लिहितो. वडील सुट्टीवर यायचे तेव्हा काळी ट्रंक आधी आत यायची, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास. मी पलंगाखाली जायचो. ते हाक मारायचे, कुठाय आमचा वाघ, मी निघायचो नाही. एकदा ते स्वतः जमिनीवर आडवे झाले आणि पलंगाखाली हात घातला, हातात कँटीनचं बिस्किट. मी बिस्किट घेतलं आणि हात नाही धरला. मला ५५ वर्षं झाली तरी तो हात दिसतोय, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. पुढं मी पण फौजेतच गेलो आणि माझा पोरगा पण असाच पलंगाखाली. मी तेवढं वाकलो पण नाही, म्हटलं येतंय आपलं आपण. आता तो पुण्याला असतो, फोनवर तब्येत विचारतो, पैसे पाठवतो, बाकी काही बोलत नाही. मी काय बिघडलं विचारलं होतं वरती, त्याचं उत्तर म्हणून हे धरा.

निपाणीकरीण · गुरुवार, सकाळी ६:१०

काका. फोन लावा त्याला. तब्येतीचं सोडून दुसरं काही बोला, ट्रंकेचं सांगा.

वडगाव_पॉवरलूम · गुरुवार, सकाळी ९:२०

सगळं वाचलं, आता जरा कामाचं बोलू. ताई, कर्नाटकची शक्ती योजना आहे की. २०२३ च्या जूनपासनं बायकांना बस फुकट, सासूबाईंना आधार कार्ड दाखवलं की जांबोटीवरनं बेळगाव शून्य तिकीट. दर बुधवारी बोलवा, गुरुवारी जाऊ देत. फोन बंद करण्यापेक्षा स्वस्त पडतंय.

टिळकवाडी_मॅडम · गुरुवार, दुपारी १:००

अण्णांनी माझं काम केलं. फक्त दिवस ठरलेला ठेवा आणि मुलाला आधी सांगा. आजी जाताना चोरून जाऊ देऊ नका, रडला तरी चालेल, सांगून जाऊ दे. आणि आजी असताना न्हाऊ घालायचं काम तुमच्याकडं घ्या, त्या शेजारी बसू देत. लळा असा हातातनं हातात जातो. डबी आतनं घासून धुवा आणि परत द्या, तंबाखू नको एवढंच. तुम्हाला तो 'गोव्याची आई' म्हणतो त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्याच्याकडं दोन आया आहेत आणि त्यानं पत्त्यावरनं ओळख ठेवलीय.

जांबोटीची_सून · पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:५०

उशीर झाला, माफ करा. मिस्टरांना हा धागा वाचायला दिला, हवालदार काकांचं वाचून ते उठून बाहेर गेले, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आईला घेऊन आले. आता दर बुधवारी येतात, येताना रताळी आणि भांडायला चार विषय. पहिल्या दोन वेळा त्या निघाल्या तेव्हा पोरगं बसस्टॉपवर लोळलं, लोकं बघत होती, मलाच शिक्षा झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा रडला पण माझ्या कडेवर बसून रडला. रात्री अजून उठतो, सगळं गोड झालं असं नाही. अजून पडला की दाराकडं पळतो, पण आता मधेच थांबून बघतो मी कुठं आहे ते.

आणि परवाची गोष्ट. दुकानात पर्स उघडली पैसे द्यायला तर आत डबी. धुतलेली, झाकण दबलेली. घाबरले, म्हटलं आता घरी रडून काय केलं असेल. घरी आले तर दारातच उभा, म्हणतो, आणलीस काय परत? मी म्हटलं तू कशाला टाकलीस आत. म्हणतो, तू गोव्याला गेलीस तर हिला सोडायला यायला लागतंय की तुला.

अंगणवाडी_अक्का · रविवार, रात्री ११:१५

देवा. आणि ती बसमध्ये पडली तर हो? दुसरी एक घेऊन ठेवा तसलीच.

जांबोटीची_सून · रविवार, रात्री ११:२०

घेतली होती अक्का, सेम कंपनीची. झाकण दाबून पण दिलं. हुंगून बघितली आणि ही मिस्टरांना देऊन टाकली.